एका वेळी एकच ताव : छपाईयंत्राला कागद पुरवण्याची विद्या

मुद्रणाच्या इतिहासात मान मिळतो तो खिळ्यांना, शाईला आणि दाब देणाऱ्या यंत्राला. कोरा कागद यंत्राच्या तोंडाशी येतो कसा, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. वास्तविक छापखान्यातून दिवसाकाठी किती काम निघेल, हे बऱ्याच अंशी याच प्रश्नाच्या उत्तरावर ठरत आले आहे. थप्पीतला वरचा एक ताव सुटा करायचा, त्याच्या खालचा जागचा हलू द्यायचा नाही, सुटा केलेला ताव ठरलेल्या क्षणी ठरलेल्या जागी टेकवायचा आणि हेच तासाला हजारो वेळा न चुकता करायचे, हे काम करणाऱ्या यंत्रभागाला छापखान्यात ‘फीडर’ म्हणतात. ताव उचलणे सोपे असते. अवघड असते ते दुसरा ताव न उचलणे. गेल्या दोन शतकांत फीडरमध्ये जे जे सुधारले गेले, त्याच्या मुळाशी ही एकच अडचण आहे.

हातदाबाच्या लाकडी किंवा लोखंडी यंत्रावर दोन माणसे काम करीत. एक शाई लावी, दुसरा ताव ठेवून दांडा ओढी, आणि अशा जोडीकडून तासाला दोनशे ते अडीचशे ताव निघत. २९ नोव्हेंबर १८१४ रोजी लंडनच्या ‘द टाइम्स’चा अंक फ्रीडरिख केनिगने रचलेल्या, वाफेवर चालणाऱ्या दंडगोलाच्या यंत्रावर छापून निघाला, तेव्हा हा आकडा एकदम अकराशेच्या घरात गेला. शाई लावणे आणि दाब देणे ही दोन्ही कामे या यंत्राने माणसाच्या हातून काढून घेतली. ताव लावण्याचे काम मात्र हातातच राहिले, आणि पुढे वेग वाढवू पाहणाऱ्यांचे घोडे अडले ते याच ठिकाणी. वाफेचे यंत्र आणखी जोराने फिरवणे शक्य होते, पण ताव लावणाऱ्याचे हात त्या प्रमाणात जलद होणे शक्य नव्हते.

यावर पहिला तोडगा निघाला तो हातांची संख्या वाढवण्याचा. अमेरिकेत रिचर्ड हो याने १८४७च्या सुमारास एका मोठ्या फिरत्या दंडगोलावर खिळे बसवून त्याच्याभोवती दाबाचे लहान दंडगोल मांडले आणि प्रत्येक लहान दंडगोलापाशी ताव लावणारा एकेक माणूस उभा केला. चार माणसांपासून सुरू झालेली ही रचना दहा माणसांपर्यंत वाढली आणि तिच्यावर तासाला सुमारे वीस हजार ताव छापले जाऊ लागले. पण हिशेब मांडला तर प्रत्येक माणसाच्या वाट्याला दोन हजारच ताव येत होते, म्हणजे मूळ अडचण सुटली नव्हती, ती दहा ठिकाणी वाटली गेली होती. दुसरा तोडगा ताव ही वस्तूच वगळण्याचा होता. विल्यम बुलक याने १८६०च्या दशकात अखंड कागदाच्या रिळावर छापणारे यंत्र सिद्ध केले आणि वृत्तपत्रांनी पुढे तोच मार्ग धरला. पुस्तके, मुखपृष्ठे, लग्नपत्रिका, पावतीपुस्तके, औषधांची खोकी यांना मात्र रीळ परवडणारे नव्हते, कारण येथे कागदाची जात, जाडी आणि आकार कामागणिक बदलतो आणि प्रती थोड्या लागतात. तावावरची छपाई टिकली ती या गरजेमुळे.

महाराष्ट्रातल्या गावोगावच्या छापखान्यांत विसाव्या शतकात ज्या यंत्राने संसार चालवले, ते ‘ट्रेडल’ म्हणजे पायाने किंवा पट्ट्यावर चालणारे लहान प्लेटन यंत्र होय. त्याची मूळ रचना अमेरिकेतील जॉर्ज गॉर्डन याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास रूढ केली. खिळ्यांचा फर्मा आणि कागद धरणारा सपाट पाट हे दोन भाग शिंपल्यासारखे उघडतात आणि मिटतात. उघडल्यावर उजव्या हाताने कोरा कागद पाटावरच्या पिनांना टेकवायचा, डाव्या हाताने छापलेला काढून घ्यायचा आणि पाट मिटण्यापूर्वी दोन्ही हात बाहेर घ्यायचे, असा हा ताल असतो. सरावलेला मशीनमन या रीतीने तासाला हजाराच्या आसपास नग काढी. कागद तिरका लागला तर पाय न थांबवता बाजूचा दांडा ओढून तेवढा दाब चुकवता येई. तिरका कागद सरळ करण्याच्या मोहात हात आत राहिला, तर मात्र बोटे चिरडत. हाताने कागद लावण्याच्या या कामात अंगचे कसब होते तसाच अंगावर येणारा धोकाही होता.

हाताची जागा यंत्राने घ्यायची तर ताव एकमेकांना का धरून राहतात, हे आधी समजून घ्यावे लागते. कागद कापताना पात्याची धार बोथट असली तर कडांचे तंतू एकमेकांत अडकतात. कोरड्या हवेत घर्षणाने स्थिर विद्युत् निर्माण होऊन ताव परस्परांना चिकटतात. आणि गुळगुळीत ताव एकमेकांवर घट्ट बसलेले असले की त्यांच्यामध्ये हवा उरत नाही, त्यामुळे वरचा ताव उचलू लागताच वरून वातावरणाचा दाब पडतो आणि खालून त्याला तोलणारे काही नसते. मशीनमन यंत्रावर कागद चढवण्यापूर्वी गड्डी दोन्ही हातांत धरून वाकवतो, झाडतो आणि फुलवतो, ते या तिन्ही बंधनांतून ताव मोकळे करण्यासाठीच.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आलेले पहिले फीडर घर्षणावर चालत. नोटा मोजणाऱ्याचा ओला अंगठा जसा वरची नोट पुढे सरकवतो, तशीच फिरती चाके किंवा बोटांसारखे दट्टे वरच्या तावाचा मागचा कोपरा पुढे रेटत. कोपऱ्याला बाक येऊन लाट उठली की एक पाय खालच्या गठ्ठ्यावर टेकून तो दाबून धरी आणि सुटलेला ताव पट्ट्यांवरून यंत्राकडे जाई. काही रचनांत ताव आधी हाताने पायऱ्यांसारखे पसरून ठेवावे लागत. न्यूयॉर्क राज्यातील डेक्स्टर कंपनीसारख्या निर्मात्यांनी अशा यंत्रांना मोठी बाजारपेठ मिळवून दिली. तथापि, घर्षणाने काम साधायचे तर दोन तावांमधले घर्षण हे चाक आणि ताव यांच्यातील घर्षणापेक्षा नेहमी कमी असावे लागते, आणि ही अट कागद बदलला की मोडते. खडबडीत कागदाचे दोन-दोन ताव जात, आर्टपेपरच्या चकाकीवर चाकाचे डाग उठत आणि एका बाजूने छापलेल्या तावावर दुसरी बाजू छापताना ओली शाई पुसली जाई.

म्हणून विसाव्या शतकात हवेचा आश्रय घेतला गेला. पंपाने नळीतली हवा शोषून घेतली की नळीच्या टोकाशी असलेल्या रबरी ‘सकर’खाली दाब घटतो आणि बाहेरची हवा तावाला सकरवर दाबून धरते. हा जोर अनपेक्षित मोठा असतो. दोन सेंटिमीटर व्यासाच्या सकरचे क्षेत्रफळ तीन चौरस सेंटिमीटरहून किंचित अधिक भरते. आतला दाब वातावरणाच्या निम्म्यावर आणला तरी त्यावर सुमारे दीड किलोचा जोर मिळतो. याउलट ८० जीएसएमच्या, म्हणजे दर चौरस मीटरला ८० ग्रॅम भरणाऱ्या कागदाचा २० × ३० इंची ताव जेमतेम ३१ ग्रॅमचा असतो. हिशेबाने एक सकर पन्नास ताव पेलू शकतो, आणि नेमकी येथेच मेख आहे. विरळ विणीच्या सच्छिद्र कागदातून शोषण आरपार जाते आणि दुसरा तावही वर येतो. फीडर लावणाऱ्याचे कौशल्य त्यामुळे जोर वाढवण्यात नसून तो कामापुरता ठेवण्यात असते: पातळ कागदाला लहान सकर आणि कमी शोषण, जाड पुठ्ठ्याला मोठे रबर आणि पुरते शोषण. शोषणाच्या जोडीला फुंकरही लागते, कारण दोन तावांमध्ये हवेचा पातळ थर शिरल्याशिवाय वरचा ताव सुटत नाही.

या दोन्ही गोष्टी लहान यंत्रात एकत्र आणून यशस्वी करणारे यंत्र म्हणजे जर्मनीतील हायडेलबर्ग कंपनीचे स्वयंचलित प्लेटन होय. कोलोनच्या कार्ल गिल्के याच्या कल्पनेवर आधारलेले हे यंत्र १९१४ साली लायप्झिगच्या प्रदर्शनात मांडले गेले, १९२६पासून त्याचे साखळी पद्धतीने उत्पादन सुरू झाले आणि १९८५पर्यंत दीड लाखाहून अधिक यंत्रे बाहेर पडली. त्याच्या फिरत्या दांड्याला समोरासमोर दोन हात असतात. एक हात कोरा कागद पकडून पाटावर नेतो, त्याच वेळी दुसरा छापलेला कागद बाहेर सोडतो. पवनचक्कीसारखे दिसणारे हे हात पाहणाऱ्याचे लक्ष वेधून घेतात, पण खरे बारीक काम त्यांच्याआधी घडते. सकरांची आडवी नळी थप्पीवर उतरते, समोरून कडेवर फुंकर येते, नळी कागदाची कड धरून उचलते आणि उचलतानाच किंचित कलते. कलण्यामुळे वरच्या कागदाच्या कडेला बाक येतो. खाली चिकटून आलेल्या दुसऱ्या कागदाला सकरची पकड नसल्याने तो आपल्या ताठपणाने सरळ होऊन खाली पडतो.

मोठ्या ऑफसेट यंत्रावर ही क्रिया थप्पीच्या मागच्या कडेशी होते. तेथे फीडरचे डोके बसवलेले असते आणि त्यात अनेक अवयव आळीपाळीने काम करतात. मागच्या नळ्या वरच्या काही तावांच्या कडा फुंकून फुलवतात. ब्रश आणि पोलादी पत्त्या जास्तीचे ताव अडवतात. उचलणारे सकर वरच्या तावाची मागची कड वर घेतात. त्या फटीत दाबपाय उतरून उरलेली थप्पी दाबतो, थप्पीची उंची चाचपतो आणि तावाखाली हवा सोडतो. त्या हवेवर तरंगणारा ताव पुढे नेणारे सकर धरून चाकांच्या स्वाधीन करतात. थप्पी जसजशी उतरते तसतसा तिच्याखालचा मंच साखळ्यांनी वर चढतो. हवेचा प्रत्येक झोत कधी उघडायचा आणि कधी मिटायचा, हे फिरत्या झडपा व कॅम ठरवतात. म्हणजे हवेवर चालणाऱ्या फीडरचा तालही शेवटी यांत्रिकच असतो. पंपातील कार्बनची पाती झिजली की शोषण मंदावते आणि ताव चुकू लागतात, म्हणून जाणता मशीनमन सकरला दोष देण्यापूर्वी पंप आणि गाळणी पाहतो.

वेगाचा प्रश्नही याच ठिकाणी सुटला. तासाला १५ हजार ताव छापायचे तर एका तावाला ०.२४ सेकंद मिळतो. ७२ सेंटिमीटर लांबीचा ताव एकामागून एक सुटा पाठवला, तर त्याला सेकंदाला तीन मीटरच्या वेगाने धावावे लागेल आणि त्याच वेगाने थांब्यावर आदळावे लागेल. मागच्या कडेकडून ताव उचलल्यामुळे मात्र पहिला पुरता निघून जाण्याआधीच दुसरा त्याच्याखालून पुढे सरकू शकतो. माशाच्या खवल्यांसारखे एकावर एक चढलेले हे ताव प्रत्येक फेरीत लांबीच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याएवढेच सरकतात, त्यामुळे वेग सेकंदाला एका मीटरवर येतो आणि ताव थांब्यापाशी सावकाश पोहोचतो.

पुढच्या थांब्याला ‘फ्रंट ले’ आणि बाजूच्या थांब्याला ‘साइड ले’ म्हणतात. ताव आधी पुढे टेकतो, मग बाजूला ओढला जातो आणि दोन्ही कडा जुळल्यावर ग्रिपर त्याला पकडून दंडगोलावर देतात. दर इंचाला दीडशे ओळींच्या जाळीत छापलेल्या रंगीत चित्रात दोन ठिपक्यांमधले अंतर सुमारे ०.१७ मिलिमीटर असते, तेव्हा ताव दशांश मिलिमीटरने सरकला तरी रंग परस्परांवरून ढळतात. पाठची बाजू छापताना त्याच कडेला साइड ले लावण्याचा दंडकही याच कारणाने पाळतात. थप्पीच्या कडेवर पेन्सिलीची खूण करून ठेवलेली दिसते ती त्यासाठीच. एवढे करूनही दोन ताव एकत्र आले, तर पूर्वी जाडी मोजणारे चाक आणि आता ध्वनिलहरींवर चालणारा संवेदक यंत्र थांबवतो.

भारतात चेकोस्लोव्हाकियातून आलेली डॉमिनंट यंत्रे आणि नेबिओलो या इटालियन कंपनीच्या सहकार्याने एच.एम.टी.ने केरळमधील कळमश्शेरी येथे बनवलेली ऑफसेट यंत्रे यांनी हवेचा फीडर मध्यम आकाराच्या छापखान्यांपर्यंत पोहोचवला. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात मात्र कोणत्याही देशाच्या फीडरच्या नाकी नऊ येतात. उघड्या थप्पीच्या कडा दमट हवेतील ओल शोषून फुगतात, मध्यभाग कोरडाच राहतो, आणि कडांना लाटा आल्या की सकर तावावर नीट बसत नाही व ताव थांब्यावर सरळ टेकत नाही. कागद वेष्टणातच छापखान्याच्या तापमानाला येऊ देणे आणि यंत्रघरातील आर्द्रता पन्नास-पंचावन्न टक्क्यांच्या आसपास राखणे हाच त्यावरचा उपाय आहे.

घर्षणाची जुनी रीत आजही संपलेली नाही. झेरॉक्स यंत्रांत आणि घरगुती प्रिंटरमध्ये रबरी रूळच वरचा कागद ओढतो, आणि रूळ गुळगुळीत झाला की कागद अडकू लागतो. खिळे गेल्यानंतर हायडेलबर्गची जुनी प्लेटन यंत्रेही भंगारात गेली नाहीत. पावतीपुस्तकांवर क्रमांक घालणे, फाडण्याची भोके पाडणे, पत्रिका आणि खोकी आकारात कापणे या कामांसाठी ती अनेक छापखान्यांत अजून राबत आहेत, कारण त्यांचा फीडर आजही भरवशाचा आहे.

मराठी मुद्रणाचा इतिहास खिळे पाडणाऱ्यांचा, जुळाऱ्यांचा आणि प्रकाशकांचा म्हणून बराच लिहिला गेला आहे. ताव लावणाऱ्यांची विद्या त्यात जवळजवळ आलेली नाही. कोणत्या कागदाला कोणते सकर, कोणत्या ऋतूत किती फुंकर, थप्पी कशी फुलवावी, हे ज्ञान पुस्तकांपेक्षा हातांत साठलेले आहे आणि ट्रेडलपासून ऑफसेटपर्यंतचा पल्ला स्वतः गाठलेली पिढी आता वयस्कर झाली आहे. मुद्रण शिकवणाऱ्या संस्थांनी आणि मुद्रकांच्या संघटनांनी या मशीनमनांच्या सविस्तर मुलाखती घेऊन, यंत्रे चालू स्थितीत असतानाच त्यांच्या कामाची चित्रफितींसह नोंद करून ठेवावी; हे काम लांबणीवर टाकण्याजोगे नाही.