दोरी किती पाउंडाची?

जोगेश्वरीहून वेसावे गाठून फेरीबोटीने मढला गळ टाकायला जाणारे हौशी लोक रिळावर 50 पाउंडाची ब्रेडेड दोरी मिरवतात. हलक्या स्पिनिंग रॉडला 20 पाउंड, म्हणजे साधारण 9 किलो ताण सोसणारी दोरी पुष्कळ झाली. रिळाचा ड्रॅग तिच्या चौथाईवर, सव्वादोन किलोवर लावला की जिताड्याने हिसका देताच दोरी सुटत जाते, तुटत नाही. पॉलिथिलीनच्या तंतूंची ही वीण तेवढ्याच ताकदीच्या नायलॉनहून बरीच बारीक, म्हणून आमिष लांब पडतं. पण खडकावरच्या कालवांची धार तिला क्षणात कापते. तिथे नुसते पाउंड वाढवून भागत नाही. टोकाला दोन हात जाड फ्लोरोकार्बन बांधावा लागतो. गाठ ओली करूनच आवळा.