दाव्याची वहिवाट

कायदा म्हटला की सामान्य वाचकाच्या डोळ्यांपुढे हक्क, वारसा, गुन्हा, शिक्षा अशा ठळक गोष्टी उभ्या राहतात. परंतु ज्याने वडिलोपार्जित जमिनीचा दावा वर्षानुवर्षे चालविला आहे त्याला विचारावे, म्हणजे तो सांगेल की त्याचा सारा काळ समन्स बजावण्यात, प्रतिवादीच्या कैफियतीची वाट पाहण्यात आणि अर्जावर अर्ज ऐकण्यात गेला, आणि जमीन कोणाची हा मूळ प्रश्न न्यायाधीशांपुढे आला तेव्हा दाव्यातील निम्मे पक्षकार मयत होऊन त्यांचे वारस दाखल झाले होते. दावा कोणत्या क्रमाने, किती मुदतीत आणि कोणत्या न्यायालयात चालावा हे ठरविणारा प्रक्रियेचा कायदा वकिलांखेरीज कोणी आवडीने वाचत नाही; आणि म्हणूनच महाराष्ट्रात गेल्या काही वर्षांत त्यात जे फेरफार झाले, ते ज्यांच्या आयुष्याला भिडतात त्यांनाच बहुधा ठाऊक नसतात.

१९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेची रचना मोठी चतुर आहे. तिच्या १५८ कलमांत तत्त्वे सांगितली असून ती बदलण्याचा अधिकार विधिमंडळांकडे ठेवला आहे; तपशिलाचे नियम मात्र पहिल्या अनुसूचीत ‘आदेश’ या नावाने वेगळे काढून, १२२ व्या कलमान्वये ते आपल्या अधिकारक्षेत्रापुरते बदलण्याची मुभा उच्च न्यायालयास दिली आहे. दिवाणी प्रक्रिया हा विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत येत असल्याने राज्यालाही राष्ट्रपतींच्या अनुमतीने कलमांत भर घालता येते. अशा रीतीने एकाच दाव्याच्या वाटेवर संसद, राज्याचे विधिमंडळ आणि उच्च न्यायालय असे तीन कारागीर काम करीत असतात, आणि एकाने केलेली दुरुस्ती दुसऱ्याच्या दुरुस्तीशी मिळतेच असे नाही. महाराष्ट्रातील कलम ९-अ ची हकिकत या दृष्टीने मोठी बोधप्रद आहे.

सरकारवर दावा लावावयाचा तर ८० व्या कलमान्वये आधी दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते, एरवी न्यायालयाच्या अधिकारक्षेत्रालाच हरकत येते. १९५८ साली मुंबई उच्च न्यायालयाने एका प्रकरणात असा निर्णय दिला की, तूर्तातूर्त मनाई हुकूम देताना नगर दिवाणी न्यायालयाने अधिकारक्षेत्राच्या प्रश्नात शिरलेच पाहिजे असे नाही. झाले! चतुर वादी नोटीस न देताच दावा दाखल करू लागले. मनाई हुकूम मिळवीत. मग नवा दावा लावण्याची परवानगी घेऊन पहिला दावा काढून घेत, आणि मधल्या काळात नोटिशीची मुदत भरेपर्यंत मनाई कायम राही. हा गैरप्रकार बंद पाडावा म्हणून १९७० मध्ये राज्य विधिमंडळाने कलम ९-अ घातले. मनाईच्या अर्जावर सुनावणी चालू असता कोणा पक्षकाराने अधिकारक्षेत्राची हरकत घेतली, तर न्यायालयाने तो मुद्दा प्राथमिक समजून प्रथम निकालात काढावा, आणि तोवर वाटल्यास तात्पुरती मनाई द्यावी, असा त्याचा आशय होता. हेतू स्वच्छ होता, आणि त्या काळापुरते औषध रोगाला साजेसे होते.

परंतु १९७६ मध्ये संसदेने संहितेची मोठी दुरुस्ती केली, तीत दोन गोष्टी घडल्या. निकडीच्या प्रसंगी न्यायालयाच्या परवानगीने नोटिशीवाचून सरकारवर दावा लावण्याची सोय ८० व्या कलमातच झाली, म्हणजे ज्या आडवाटेसाठी ९-अ ची भिंत उभारली होती ती आडवाट चोखाळण्याचे कारणच बव्हंशी उरले नाही. आणि चौदाव्या आदेशात असे ठरले की दाव्यातील सर्व मुद्दे एकत्रच निकालात काढावेत, केवळ निखळ कायद्याचा एखादा प्रश्न तेवढा आधी घ्यावा. असे असूनही १९७७ मध्ये महाराष्ट्राने ९-अ पुन्हा अधिनियमित केले! कारण संपले तरी उपाय चालू ठेवावा, ही आपल्या राज्यकारभाराची जुनीच खोड आहे.

पुढील चार दशकांत या कलमाचा लाभ वादीला आवर घालणाऱ्या सरकारपेक्षा दावा लांबवू पाहणाऱ्या प्रतिवादीलाच अधिक झाला. मनाईचा अर्ज आला की प्रतिवादीने अधिकारक्षेत्राची हरकत घ्यावी. मग त्या एका मुद्द्यावर साक्षीदार तपासावेत, उलटतपासण्या घ्याव्यात, निकाल लागला की वरच्या न्यायालयात जावे, तेथून आणखी वर जावे, आणि तोवर मूळ दावा तिष्ठत ठेवावा. त्यातही दावा मुदतबाह्य आहे ही हरकत ‘अधिकारक्षेत्रा’त मोडते की नाही, यावर २०१५ च्या सुमारास सर्वोच्च न्यायालयातच परस्परविरोधी मते पडली. अखेर २७ जून २०१८ रोजी अध्यादेशाने कलम ९-अ वगळण्यात आले आणि त्या वर्षाच्या ६१ व्या अधिनियमाने त्यावर शिक्कामोर्तब झाले. पण वगळण्याचे कामही सरळ पार पडले नाही: निघालेले प्राथमिक मुद्दे जुन्याच पद्धतीने चालावेत असे आधी ठरले, आणि मग त्याच वर्षी ७२ वा अधिनियम करून ते मुद्दे इतर सर्व मुद्द्यांबरोबरच निकालात काढावेत असे सांगावे लागले. सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने नस्ली वाडिया विरुद्ध आयव्हरी प्रॉपर्टीज या प्रकरणात मुदतीचा प्रश्न ९-अ खाली येत नाही असा निर्वाळा दिला तो ऑक्टोबर २०१९ मध्ये, म्हणजे ते कलम अस्तंगत झाल्यावर वर्षाहून अधिक काळाने.

मुदतींच्या बाबतीतही असाच अनुभव आहे. २००२ मध्ये अमलात आलेल्या दुरुस्तीने लेखी कैफियत तीस दिवसांत, फार तर नव्वद दिवसांत, द्यावी असे बंधन घातले, सुनावणी तीनपेक्षा अधिक वेळा तहकूब करू नये असे सांगितले आणि सरतपासणी प्रतिज्ञापत्रावर घेण्याची रीत पाडली. परंतु २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने कैफियतीची मुदत निर्देशात्मक ठरविली आणि जुनी सैल वहिवाट परत आली. व्यापारी दाव्यांत मात्र एकशेवीस दिवसांनंतर कैफियत दाखल करण्याचा हक्कच नष्ट होतो, आणि तेथे हा नियम कसोशीने पाळला जातो. व्यापाऱ्याच्या पैशाला जी तातडी लाभली ती विधवेच्या पोटगीला किंवा कुळाच्या जमिनीला का लाभू नये, हे मला अद्याप उमगलेले नाही.

दावा कोणत्या न्यायालयात जावा, यातही फेरफार झाले. मुंबईच्या नगर दिवाणी न्यायालयाची आर्थिक मर्यादा २०१२ पूर्वी अवघी पन्नास हजार रुपयांची होती, म्हणजे शहरातल्या साध्या खोलीचा तंटाही उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत जाई. ती प्रथम एक कोटी आणि ऑगस्ट २०२४ मध्ये दहा कोटी करण्यात आली. उच्च न्यायालयाला साक्षीपुराव्याच्या कामातून मोकळे करणारा हा बदल योग्यच आहे. तथापि दप्तर एका इमारतीतून दुसरीत गेल्याने दावे कमी होत नाहीत. नगर दिवाणी न्यायालयात न्यायाधीश आणि कारकून त्या मानाने वाढले तरच पक्षकाराला फरक जाणवेल. याच्या आधी, जानेवारी २०१८ मध्ये, न्यायालयीन शुल्काची कमाल मर्यादा तीन लाखांवरून दहा लाखांवर नेण्यात आली होती, हेही येथे नमूद केले पाहिजे. न्याय मागण्याचे मोल वाढविताना शासनाने दिरंगाई दाखविली नाही.

या सर्व फेरफारांत अशिलाला सर्वांत चटकन कळलेला बदल म्हणजे १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात सुरू झालेले उच्च न्यायालयाचे फिरते खंडपीठ. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची अपिले आता तेथे चालतात. त्यासाठी नवा कायदा करावा लागला नाही; १९५६ च्या राज्य पुनर्रचना अधिनियमाच्या ५१ व्या कलमात मुख्य न्यायमूर्तींना जो अधिकार आहे तो वापरला गेला, आणि याच अधिकाराने १९८१ साली औरंगाबादेस न्यायासन बसले होते. दरम्यान कोल्हापूरकरांची मागणी चार दशकांहून अधिक काळ मोर्चे, बहिष्कार आणि निवेदने यांत फिरत राहिली. सावंतवाडीच्या शेतकऱ्याला एका तारखेसाठी मुंबईस जाऊन यावयाचे म्हणजे सुमारे हजार किलोमीटरचा प्रवास, दोन दिवसांची मजुरी आणि राहण्याचा खर्च. आणि तेथे पोहोचल्यावर प्रकरण फलकावर असूनही ऐकले गेले नाही, असा अनुभव अनेकांना आलेला आहे. प्रक्रियेतील सुधारणा मोजावयाची तर ती अशा वाचलेल्या हेलपाट्यांनी मोजावी असे माझे मत आहे, आणि त्या मापाने कोल्हापूरचा निर्णय वरील सर्व दुरुस्त्यांहून सरस ठरतो.

वाचकांस एक सूचना करावीशी वाटते. १२२ व्या कलमाखालचे नियम उच्च न्यायालयास पूर्वप्रसिद्धी केल्यावाचून करता येत नाहीत. मसुदा आधी प्रसिद्ध होतो, त्यावर हरकती व सूचना मागविल्या जातात आणि त्यांचा विचार करणे बंधनकारक असते. या हरकती पाठविण्यासाठी वकिलीची सनद लागत नाही. ज्यांनी न्यायालयाच्या बाकांवर तारखांची वाट पाहण्यात वर्षे घालविली आहेत, त्यांनी पुढचा मसुदा प्रसिद्ध होईल तेव्हा आपले म्हणणे साध्या कागदावर का होईना, मुदतीत लिहून पाठवावे.