कॅमेरा पाण्यात पडला? चालू करू नका, आधी बॅटरी आणि कार्ड काढा



16 जून ते 15 ऑगस्टची मासेमारीबंदी संपली की गौतमपुऱ्याकडच्या होड्या पुन्हा पाण्यात उतरतात. तेव्हा चंबळ भरलेली असते, पाणी गढूळ असतं, होडी हलते आणि कुणाचा तरी कॅमेरा नाहीतर मोबाईल पाण्यात जातो. वस्तूचे पैसे जातात ते जातातच. पण त्यात फाटलेल्या जाळ्याचे, फुटलेल्या होडीचे फोटो असतात. पंचनाम्याला, विम्याला तेच दाखवावे लागतात. घरातल्या गेलेल्या माणसाचा फोटो तर पुन्हा काढताच येत नाही. म्हणून हे नीट वाचा आणि घरात सगळ्यांना सांगा.

नुकसान कशानं होतं?

नुसत्या पाण्यानं कॅमेरा लगेच मरत नाही. पाणी आत असताना बॅटरीचा करंट चालू राहिला, की बारीक तारा आणि जोड गंजून खाल्ले जातात. “चालतोय का बघू” म्हणून बटण दाबतो, तिथंच खरा घात होतो.

दुसरा वैरी मीठ. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात आणि त्यातून करंट नदीच्या पाण्यापेक्षा कितीतरी सहज वाहतो. पाणी वाळलं तरी मीठ आत राहतं. पावसाळ्यात डब्यातलं मीठ कसं ओलं होतं, तसं ते हवेतली ओल ओढून घेतं आणि गंज चालूच राहतो. आपल्याकडे चंबळ, गंभीर, खाली गांधीसागर, सगळं गोडं पाणी, तेवढं बरं. पण त्यात गाळ असतो. कोकणात, मुंबईकडे नातेवाईक असतील तर त्यांना खाऱ्या पाण्याचं मुद्दाम सांगा.

पडल्यावर काय करायचं?

1. लगेच बाहेर काढा. चालू असेल तर बंद करा. बंद असेल तर बटणाला हात लावू नका.

2. बॅटरी काढा, मग मेमरी कार्ड काढा. मोबाईलची बॅटरी निघत नसेल तर फोन बंद करून सिम आणि कार्ड काढा. चार्जिंगला अजिबात लावू नका.

3. नुसते शिंतोडे उडाले असतील तर मऊ कापडानं पुसा, धुऊ नका.

4. साधा छोटा कॅमेरा खाऱ्या किंवा गढूळ पाण्यात पूर्ण बुडाला असेल, तर बॅटरी काढल्यावर स्वच्छ गोड्या पाण्यात हलकेच खळबळून घ्या. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर मिळालं तर उत्तम. ओल्याला आणखी ओलं करायचं हे उलटं वाटेल, पण मीठ आत वाळू देण्यापेक्षा ते बरं. लेन्स बदलता येणारा महागडा कॅमेरा किंवा मोबाईल असेल तर स्वतः धुऊ नका, त्याच दिवशी कारागिराकडे न्या.

5. पाणी झटका, झाकणं उघडी ठेवा आणि सावलीत पंख्याखाली दोन-तीन दिवस ठेवा. लेन्सच्या आत वाफ दिसते तोवर वाळलेला नाही असं समजा.

हे करू नका

तांदळाच्या डब्यात घालू नका. तांदूळ आतलं पाणी ओढत नाही, उलट भुकटी आणि कण भोकात जातात. आयफोनच्या ॲपल कंपनीनंही 2024 मध्ये तसं सांगितलं आहे. हेअर ड्रायरची गरम हवा नको, चुलीजवळ नको, पत्र्यावरच्या उन्हातही नको.

फ्लॅशचा कॅमेरा घरी खोलू नका. फ्लॅशसाठी आत सुमारे 300 व्होल्ट साठवलेले असतात आणि बॅटरी काढल्यावरही जबर झटका बसू शकतो. बॅटरी फुगली असेल तर ती दाबू नका, टोचू नका, पुन्हा वापरू नका. घराबाहेर, जळणाऱ्या वस्तूंपासून लांब ठेवा.

कॅमेरा गेला तरी फोटो जात नाहीत

2012 मध्ये कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर एका पाणबुड्याला समुद्राच्या तळाशी कॅनन कॅमेरा सापडला. जवळजवळ दोन वर्षं तो खाऱ्या पाण्यात होता. कॅमेरा कामातून गेला होता, पण कार्ड साफ केल्यावर त्यातले फोटो निघाले.

कारण कार्डातली चिप प्लास्टिकमध्ये बंद असते. कार्ड गोड्या पाण्यानं धुवा, एक दिवस वाळवा, मग कार्ड रीडरला लावून आधी फोटो उतरवून घ्या. “फॉरमॅट करायचं का?” असं विचारलं तर नाही म्हणा आणि जाणकाराला दाखवा.

मोबाईलचं मात्र वेगळं आहे. फोनच्या आतल्या मेमरीतले फोटो कुलूपबंद असतात. बोर्ड चालू झाल्याशिवाय ते सहसा निघत नाहीत. म्हणून कारागिराला पहिल्यांदा खरं सांगा, गोडं पाणी की खारं आणि किती वेळ. फोन रीसेट करू नको, आधी फोटो काढून दे, हेही सांगा.

होडीवर जाण्याआधी

“वॉटरप्रूफ आहे” यावर विसंबू नका. आयपी 67 म्हणजे एक मीटर गोड्या पाण्यात अर्धा तास, तेही फोन नवा असताना. आतलं रबर जुनं होतं. दोरीचं पाउच घ्या, पण आधी आत कोरडा कागद घालून बादलीत बुडवून बघा. कागद ओला झाला तर पाउच बदला. पाउच नसेल तर घट्ट फिरकीच्या झाकणाची प्लास्टिकची बरणीही चालते, ती तरंगतेसुद्धा.

आणि नुकसानीचे फोटो काढले की त्याच दिवशी घरच्या दुसऱ्या फोनवर पाठवून ठेवा. दोन ठिकाणी असलेला फोटो एका होडीबरोबर बुडत नाही.

आपल्या होडीच्या ग्रुपवर हे पुढे पाठवा.