अवयवशोधन आणि वर्गान्तर : सातारा व सांगली येथील दोन संख्या

टपालखात्याने १५ ऑगस्ट १९७२ पासून सहा अंकी पिनक्रमांकांची पद्धत अमलात आणली. तीनुसार सातारा येथील मुख्य टपालकचेरीस ४१५००१ आणि सांगली येथील कचेरीस ४१६४१६ हे क्रमांक मिळाले. या अंकांत काही गूढ अर्थ आहे असे मुळीच नाही. परंतु पूर्णांकांचे अवयव शोधण्याच्या दोन रीती पारखून पाहण्यास ही जोडी फारच सोयीची आहे.

सांगलीची संख्या पाहताक्षणीच उलगडते. ४१६ हा गट दोनदा आल्यामुळे ती ४१६ × १००१ आहे. ४१६ म्हणजे ३२ × १३ आणि १००१ म्हणजे ७ × ११ × १३. साताऱ्याच्या संख्येस मात्र २, ३, ५, ७ अशा मूळ संख्यांनी क्रमाने भाग देत गेल्यास पहिले १११ भागाकार निष्फळ ठरतात आणि ११२ व्या मूळ संख्येस, म्हणजे ६१३ ला, यश येते.

आता नारायण पंडितांची रीत पाहू. 'गणितकौमुदी' (शके १२७८, इ. स. १३५६) या ग्रंथात ती दिली आहे. दिलेली विषम संख्या वर्ग नसेल, तर तिच्यातून मोठ्यात मोठा वर्ग वजा करावा. त्या वर्गाचे मूळ अ आणि उरलेला शेष र मानू. २अ + १ मधून र वजा करावा. बाकी वर्गसंख्या आली तर कार्य संपले. न आल्यास तीत २अ + ३, नंतर २अ + ५, याप्रमाणे वर्ग मिळेपर्यंत मिळवीत जावे. साताऱ्याच्या संख्येत अ = ६४४, र = २६५. १२८९ मधून २६५ वजा जाता १०२४ उरतात, आणि हा ३२ चा वर्ग आहे! म्हणून ४१५००१ ही संख्या ६४५ व ३२ यांच्या वर्गांचे अंतर, अर्थात ६१३ × ६७७ होय. एकाच पायरीत काम झाले. पुढे सतराव्या शतकात फेर्मा याने २०२७६५१२८१ या संख्येचे ४४०२१ आणि ४६०६१ हे अवयव याच तत्त्वाने बाराव्या पायरीस मिळविले.

तथापि या रीतीचा गुण तोच तिचा दोष. अवयव प आणि फ असतील, तर पायऱ्यांची संख्या सुमारे त्यांच्या वर्गमुळांतील अंतराच्या वर्गाच्या निम्मी असते. अवयव जवळजवळ असले तर मार्ग क्षणात सरतो, दूर असले तर लांबतो. १००१ हीच संख्या घ्या: भागाकाराच्या रीतीस ती चौथ्या मूळ संख्येस वश होते, वर्गान्तराच्या रीतीने मात्र १३ × ७७ हाती येण्यास १४ पायऱ्या लागतात. यावर एक सुंदर उपाय आहे. १००१ ला आधी २४ ने गुणावे. २४०२४ ही १५५ च्या वर्गाहून एकनेच उणी, म्हणून ती १५४ × १५६ आहे. १५४ आणि १००१ यांचा महत्तम साधारण विभाजक ७७; १५६ आणि १००१ यांचा १३. योग्य गुणक निवडल्याने दूरचे अवयव जवळ येतात. लेहमन याने १९७४ मध्ये ही कल्पना पद्धतशीर रूपात मांडली.

हा विषय केवळ कुतूहलाचा राहिलेला नाही. १९७७ मध्ये रिव्हेस्ट, शमीर व एडलमन यांनी योजिलेल्या गुप्तलेखनपद्धतीत दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार उघड असतो आणि अवयव गुप्त. ते दोन अवयव परस्परांच्या अतिनिकट निवडले गेले, तर शेकडो अंकांची संख्याही नारायणांच्या रीतीपुढे टिकत नाही. असा प्रमाद खरोखर घडतो: २०२२ मध्ये काही छपाईयंत्रांतील कुंजिका याच कारणाने दुर्बळ असल्याचे उघडकीस आले.

अवयव काळजीपूर्वक निवडलेले असल्यास काम अत्यंत कठीण होते. २०२० मध्ये २५० अंकी एका आव्हानसंख्येचे अवयव काढण्यात आले, त्यास अनेक संगणकांचे दीर्घ परिश्रम लागले. तेथेही शोध होता तो दोन वर्गांचाच. त्यांचे अंतर दिलेल्या संख्येइतकेच नव्हे, तर तिच्या कोणत्याही पटीइतके चालते. अर्थात १५५ सारखा वर्ग तेथे सहज सापडत नाही. ज्यांचे मूळ अवयव लहान आहेत असे असंख्य शेष चाळणीने गोळा करावे लागतात आणि त्यांतील काहींच्या गुणाकारातून वर्ग घडवावा लागतो.