डंपिंग बंद झालं, काम सुरू झालं!
मुंबईतलं गोराई डंपिंग ग्राउंड 2007 मध्ये बंद झालं. पण कचरा मातीखाली झाकला तरी आत कुजतच राहतो, मिथेन सोडतो. हवेत हा गॅस 5 ते 15 टक्के झाला, की एक ठिणगी पुरते. म्हणून 2016 च्या घनकचरा नियमांत बंद जागेची किमान 15 वर्षं देखभाल सांगितली.

आता धंद्याच्या नजरेने बघा: गॅसच्या विहिरी तपासणं, पाइपात साचलेलं पाणी काढणं, भूजलाचे नमुने घेणं. कामं छोटी, पण वर्षानुवर्षं चालणारी.

कोटेशन देताना मात्र गॅस डिटेक्टर, त्याचं कॅलिब्रेशन आणि माणसांचं ट्रेनिंग आधी धरा. तो खर्च कापून रेट पाडलात, तर टेंडर मिळेल. पण जीव तुमच्याच कामगाराचा टांगणीला लागेल.