रेषा दिसते, नियम दिसत नाही

मोटार विम्याचा एखादा दावा घेऊ. अपघात झाला, गाडीमालकाने कळवलं, सर्वेअर पाहणी करून गेला, गॅरेजने खर्चाचा अंदाज दिला. काही दाव्यांत पोलिसांचा पंचनामा लागतो, काहींत लागत नाही. सर्वेअरला शंका आली तर दुसरी पाहणी होते, नाही तर तो विषयच निघत नाही. पुढे काय करायचं हे कागद येतील तसं फाइल हाताळणारा माणूस ठरवतो. अशा कामांचा आराखडा मांडता यावा म्हणून ऑब्जेक्ट मॅनेजमेंट ग्रुप या संस्थेने 2014 मध्ये सीएमएमएन ही चिन्हपद्धती प्रसिद्ध केली. तिची 1.1 ही आवृत्ती डिसेंबर 2016 ची. असे आराखडे काढण्याचं काम आता एआय एजंटकडेही सोपवता येतं. मात्र त्यासाठी एजंटच्या हाती दिलेल्या साधनाची माहिती कशी लिहावी, याबद्दलचे गैरसमज अजून सुटलेले नाहीत.

त्यातला सर्वांत घट्ट बसलेला गैरसमज असा, की सीएमएमएनचा आराखडा हा शेवटी फ्लोचार्टच आहे. चौकोन काढा, बाणांनी जोडा, झालं. फ्लोचार्टमध्ये किंवा ठरलेल्या क्रमाने चालणाऱ्या कामांसाठीच्या बीपीएमएन या चिन्हपद्धतीत बाण म्हणजे ‘हे झाल्यावर ते’. सीएमएमएनमध्ये दोन कामांना जोडणारी तुटक रेषा केवळ वाचणाऱ्याच्या सोयीसाठी असते. ती पुसली तरी प्रकरण तसंच चालतं. खरा नियम कामाच्या कडेवरच्या छोट्या हिऱ्यात असतो. पोकळ हिरा म्हणजे काम केव्हा सुरू होऊ शकतं याची अट, भरीव हिरा म्हणजे ते केव्हा थांबवायचं याची अट. ‘दावा मंजूर करा’ या कामावर एकच पोकळ हिरा असेल आणि त्यात सर्वेअरचा अहवाल व पंचनामा या दोन्हींची अट असेल, तर दोन्ही आल्याशिवाय काम हलत नाही. त्याच दोन अटी दोन वेगळ्या हिऱ्यांत नेल्या, की दोहोंपैकी एक आला तरी पुरतो. कागदावर फरक एका हिऱ्याचा, पण त्यामुळे पंचनाम्याविना दावा मंजुरीला जाऊ शकतो. एजंटसाठी लिहिलेल्या माहितीत हा परिच्छेद पहिल्या पानावर हवा, तोही याच दोन उदाहरणांसह.

‘चित्र दिलं, एक्सएमएल फाइल दिली, बाकी एजंट समजून घेईल,’ असंही सर्रास म्हटलं जातं. फाइलमध्ये लिहिलेलं एजंट वाचतो, हे खरं. घोटाळा होतो तो फाइलमध्ये न लिहिलेल्या गोष्टीत. एखादं काम आपोआप सुरू व्हावं की माणसाने हाताने सुरू करावं, यासाठी सीएमएमएनमध्ये एक नियम असतो. तो नियम लिहिलाच नसेल तर काय समजायचं? 1.0 मध्ये उत्तर होतं ‘हाताने’. 1.1 मध्ये ते बदलून ‘आपोआप’ झालं. म्हणजे कोणीही एक अक्षर न बदलता तेच मॉडेल एका आवृत्तीत माणसाची वाट पाहतं आणि दुसऱ्या आवृत्तीत स्वतःहून धावतं. जुनी आणि नवी, दोन्ही प्रकारची उदाहरणं वाचलेल्या एजंटला यातलं कुठलं उत्तर धरायचं ते कोणीतरी सांगावंच लागतं. सांगायची सोपी रीतही आहे: फाइलच्या सुरुवातीच्या नेमस्पेसमध्ये 20131201 असेल तर ती 1.0 ची, 20151109 असेल तर 1.1 ची.

टप्पा केव्हा संपतो, याचंही तसंच. ‘ऑटो-कम्प्लीट’ हा गुण लावला असेल, तर चालू काम उरलं नाही आणि अनिवार्य कामं मिटली की टप्पा बंद होतो. तो लावला नसेल तर उरलेली ऐच्छिक कामं टप्पा उघडा ठेवतात, आणि ती मिटेपर्यंत किंवा माणसाने हाताने टप्पा बंद करेपर्यंत फाइल टेबलावर पडून राहते. काहीच लिहिलं नाही तर तो ‘नाही’ धरला जातो.

फाइल उघडली, एरर आली नाही, म्हणजे मॉडेल बरोबर, हा समज जास्त धोक्याचा आहे. स्कीमा तपासणी ढाचा पाहते: अट ज्या ओळखखुणेकडे बोट दाखवते ती फाइलमध्ये आहे का, घटक योग्य जागी आहेत का. एका हिऱ्याऐवजी दोन हिरे काढणारं चुकीचं मॉडेलही ती बिनतक्रार पास करते.

मग सगळीच माहिती एजंटपुढे ओतावी का? शंभर पानांचा तपशील दिला की चूक होणार नाही, असं वाटणं साहजिक आहे. पण स्टॅनफर्डच्या आणि इतर संशोधकांनी 2023 मध्ये दाखवून दिलं, की लांबलचक मजकुराच्या मधोमध असलेली माहिती त्यांनी तपासलेली भाषा-मॉडेलं सुरुवातीच्या आणि शेवटच्या माहितीपेक्षा कमी नीट वापरत होती. जेरेमी हॉवर्ड यांनी सप्टेंबर 2024 मध्ये सुचवलेल्या ‘एलएलएम्स डॉट टीएक्सटी’ या, वेबसाइटची ओळख भाषा-मॉडेलांना करून देणाऱ्या फाइलमागचा विचारही त्याच दिशेचा होता: आधी थोडक्यात ओळख, मग कुठे काय सापडेल याची यादी, खोलातलं लागेल तेव्हाच.

नोव्हेंबर 2024 मध्ये अँथ्रॉपिकने साधनं एजंटला जोडण्यासाठीचं एमसीपी हे मानक आणलं, तेव्हापासून आणखी एक समज जोडला गेला: साधन एजंटला जोडलं की दस्तऐवजाची गरज संपली. जोडणीने एजंटला हात मिळतात. कुठल्या हाताने काय करायचं हे तो प्रत्येक क्रियेसोबत दिलेल्या वर्णनातून ठरवतो. ते वर्णन हाच दस्तऐवज. ‘काम जोडा’ एवढ्यावर ते थांबलं तर एजंट अंदाजाने काम जोडेल. ‘काम जोडा, सुरू होण्याची अट दिली नाही तर टप्पा उघडताच ते सुरू होऊ शकेल’ असं लिहिलं तर अट द्यायची की नाही हा प्रश्न त्याच्यापुढे आपोआप येतो.

मॉडेल कुठल्या इंजिनावर चालणार, हेही लिहायला हवं. फ्लोएबल सीएमएमएन चालवतं. कामुंडाच्या 7 व्या आवृत्तीत ते होतं, 8 व्या आवृत्तीत नाही. ही माहिती नसेल तर एजंट निर्दोष मॉडेल काढेल आणि ते चालवायला इंजिनच नसेल.

लिहिलेलं पुरेसं आहे की नाही, हे मॉडेल चालवूनच कळतं. विम्याच्याच दाव्यात एजंटकडून दोन्ही कागद आल्यावरच सुरू होणारं ‘दावा मंजूर करा’ हे काम जोडून घ्यावं आणि इंजिनला फक्त पंचनामा आल्याचं कळवावं. काम जागेवर थांबलं, तर सर्वेअरचा अहवालही आल्याचं कळवून ते सुरू होतं का पाहावं. पहिल्याच कागदावर ते सुरू झालं, तर पुन्हा पहिल्या पानाकडे वळून एका आणि दोन हिऱ्यांचा परिच्छेद आणखी स्पष्ट लिहावा.