संस्थेचे जुने संगणक कुणाच्या दारात फुटतात?

शिवाजी पेठेतल्या पतसंस्था, शाळा, छापखाने, मंडळे यांच्या माळ्यावर जुने संगणक, प्रिंटर, जळालेले अँप्लिफायर पडून असतात. जागा हवी झाली की भंगारवाला बोलावतात. दोन पैसे जास्त देईल त्याचा टेम्पो भरतो. पुढे ते फोडण्याचे, वायर जाळून तांबे काढण्याचे काम बहुतेक वेळा वस्तीतल्याच हातांना येते.

जुन्या डबा मॉनिटरच्या काचेत शिसे असते, जुन्या सर्किटच्या सोल्डरमध्येही. वायरचे प्लास्टिक जाळले की धुरात डायॉक्सिनसारखी विषे उतरतात. शिशाची धूळ हाताला, कपड्याला चिकटून घरात येते. पोटात गेलेले शिसे लहान मूल मोठ्या माणसाच्या चार-पाच पट शोषते. अंगात लोह कमी असेल तर आणखी. गरोदर बाईकडून ते बाळापर्यंत पोचते. सुरक्षित म्हणावे असे शिशाचे प्रमाणच नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. मूल चिडचिड करते, पोट दुखते म्हणते, अभ्यासात मागे पडते, आणि आपण त्यालाच रागावतो. नेहमीच्या रक्ततपासणीत हे कळत नाही. घरात असे काम होत असेल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा आणि रक्तातील शिशाच्या तपासणीबद्दल विचारा.

ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. वर्षात किमान १००० उपकरणे वापरणाऱ्या संस्थेने ई-कचरा नोंदणीकृत उत्पादक, दुरुस्ती केंद्र किंवा पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच द्यायचा आहे. दहा-वीस संगणकांची आपली पतसंस्था या आकड्यात बसतच नाही. म्हणून विचारायचे आपण, सभासदांनी, वार्षिक सभेत.

काय विचारायचे? चालू होण्यासारखी यंत्रे दुरुस्त करून गरजू शाळेला दिली का? बाकीचा माल घेणाऱ्याची नोंदणी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर पाहिली का? वस्तूंची यादी आणि वजन लिहिलेली पावती घेतली का? हार्ड डिस्कवरची सभासदांची आधार-खाते माहिती नीट पुसली का? (नुसते डिलीट केल्याने ती जात नाही.) यूपीएसच्या बॅटऱ्यांना वेगळे नियम आहेत, त्या विक्रेत्याकडे परत द्याव्यात.

या मार्गाने पैसे कमी मिळतील, संचालक कुरकुरतील. तेव्हा तो जादा पैसा कुणाच्या लेकराच्या रक्तातून येतो, हे त्यांना तिथेच विचारा.

भंगारावर पोट असलेल्या भावंडांनी माल गोळा करावा, पण अख्खाच विकावा. पुण्यात 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेचे सभासद ई-कचराही गोळा करतात. वायर जाळू नका. काम घराबाहेर करा. हात धुऊन, कपडे बदलूनच लेकराला उचला.